जरा बाजूला व्हा!

नवेगाव बांधला गळ्यात कॅमेरा अडकवून येणारी माणसे साधारण दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार पाखरांसाठी येतो, दुसरा वाघासाठी. पाखरेवाले पहाटे उठून तळ्याच्या काठी दबा धरून बसतात. वाघवाले जीपमध्ये बसून धूळ खातात आणि संध्याकाळी वाघाच्या पंजाच्या ठशाचा फोटो दाखवून समाधान मानतात. दोघांचेही मला कौतुक वाटते. पण मी मात्र तळ्याकडे पाठ करतो आणि देवलगाव स्टेशनचा रस्ता धरतो. मला आगगाडीचे फोटो काढायचे असतात!

“नवेगाव बांधला येऊन आगगाडी?” असे लोक विचारतात. त्यांचे चुकते असेही नाही. 1975 साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे अरण्य, सात बहिणी म्हणवणाऱ्या टेकड्यांच्या कुशीत पसरलेले ते तळे, मारुती चितमपल्लींच्या लेखनाने मराठी वाचकांच्या घरी पोहोचलेले ते रानातले दिवस, हे सारे सोडून रुळांकडे पाहत उभे राहणाऱ्या माणसाला काय म्हणावे? आमच्या घरी याचे उत्तर केव्हाच ठरून गेले आहे. सौभाग्यवती मला “तुमचे स्टेशनमास्तर” असे आमच्या मुलीजवळ म्हणतात. तिची मूळ तक्रार निराळीच आहे. आमचे लग्न झाले त्या वर्षी आम्ही गोंदियाला गाडी बदलण्यासाठी थांबलो होतो. फलाटावर नव्या साडीत ती उभी होती, मागे इंजिन उभे होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला. ती हसली. मी म्हटले, “जरा बाजूला हो ना, इंजिनाचा नंबर झाकला जातोय.”

ते हसू पुन्हा फोटोत आणायला मला पुष्कळ दिवस लागले.

हा छंद मला जडला तो मामांमुळे. मामा नवेगाव बांधला शाळामास्तर होते, आणि दर उन्हाळ्यात आम्हा भाचरांची स्वारी नागपूरहून त्यांच्याकडे निघे. गोंदियाला मोठी गाडी सोडायची आणि छोट्या गाडीत बसायचे. ही छोटी गाडी बंगाल नागपूर रेल्वे कंपनीच्या काळातली. दोन रुळांत अंतर अवघे अडीच फूट! विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाकडून नागभीडकडे हा मार्ग निघाला आणि पुढे चांद्यापर्यंत गेला. सौंदड, देवलगाव, अर्जुनी, वडसा अशी स्टेशने घेत, भाताच्या बांध्यांतून आणि सागाच्या झाडीतून ती गाडी अशा बेताने चाले की, खिडकीतून हात बाहेर काढला तर झाडाचे पान हाती लागेल असे वाटे. आईने हात बाहेर काढू दिला नाही, म्हणून हे विधान मी केवळ अंदाजाने करीत आहे.

वडिलांपाशी आग्फा क्लिक थ्री नावाचा एक डब्यासारखा कॅमेरा होता. एका फिल्मवर बारा फोटो निघत. बारा म्हणजे बाराच! त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस बारा वेळा विचार करी. त्या बारांतले दोन मला मिळत, आणि ते दोन्ही मी इंजिनावर खर्च करी. काका-मामा, आजी, भावंडे यांच्या वाट्याला उरलेले दहा येत. मुंजीला मिळालेले पैसे, मग शिष्यवृत्ती, मग पहिला पगार, असे सारे ओहोळ पुढे याच नदीला मिळाले.

छोटी गाडी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात गेली. अडीच फुटांच्या जागी साडेपाच फुटांचे रूळ आले. मला वाईट वाटले. पण नवी मोठी इंजिने दिसू लागल्यावर ते वाईट वाटणे फार दिवस टिकले नाही हेही कबूल केले पाहिजे. छंदी माणसाचे प्रेम एकनिष्ठ असते असे म्हणतात. तसा माझा अनुभव नाही.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती 2004 सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. मी नुकताच एम. ए. होऊन अध्यापनाला लागलो होतो. मामांकडे भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवलगावच्या बाजूच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो. थंडी नुकती पडू लागली होती. भात कापणीला आले होते. रुळांवर दव होते, आणि वळणापाशी धुक्याचा एक पातळ पडदा लोंबत होता. त्या पडद्यातून डिझेल इंजिन बाहेर येईल, त्याचा दिवा पेटलेला असेल, पुढे दवाने चमकणारे रूळ असतील असे चित्र मी मनाशी पक्के केले होते. कॅमेऱ्यात शेवटचे तीन फोटो उरले होते. फाटक पडले. मालगाडीचा आवाज येऊ लागला.

आणि नेमक्या त्या वेळी रुळांच्या कडेने एक माणूस चालत आला.

पन्नाशीकडे झुकलेला, काटक. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पाठीला पिशवी, पिशवीतून डोकावणाऱ्या झेंड्या. तो चावीवाला होता. गाडीचा आवाज ऐकून तो रुळांपासून दूर सरला आणि कडेच्या खडीवर, बरोब्बर माझ्या चित्राच्या मध्यभागी, हिरवी झेंडी हातात धरून उभा राहिला.

मी ओरडलो, “अहो, जरा बाजूला व्हा! फोटो काढायचाय!”

त्याने माझ्याकडे पाहिले. कॅमेरा पाहिला. “बाजूले होऊ का जी?” असे म्हणून तो हसला आणि चार पावले डावीकडे सरकला. गाडी आली. मी तीन वेळा बटण दाबले. गाडी गेल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, “तुमी गुरुजीचे भाचे ना जी? आला का मंग फोटो?”

“आला, आला,” मी म्हटले. मला इंजिनाचा फोटो म्हणायचा होता.

तो मान हलवून पुढे निघाला. हातोड्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

त्या तीनांतला एक फोटो उत्तम निघाला. धुके, दिवा, चमकणारे रूळ, सारे मनाजोगते होते. फक्त डाव्या कडेला काहीतरी नको असलेले आत आले होते. मी स्टुडिओवाल्याला सांगून तेवढी पट्टी कापून टाकली आणि मोठी प्रत काढून घेतली. कॉलेजच्या प्रदर्शनात त्या फोटोला बक्षीस मिळाले. चौकट करून तो आमच्या दिवाणखान्यात लावला. येणारे-जाणारे त्याचे कौतुक करीत. मीही विनय राखून ते ऐकून घेत असे.

चौदा वर्षे गेली. 2018 च्या दिवाळीत मी पुन्हा मामांकडे होतो. मामा आता थकले होते. एका दुपारी तिशीतला एक तरुण दारात आला आणि जरा संकोचून उभा राहिला. त्याचे वडील रेल्वेत चावीवाले होते. निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती, आणि त्याच उन्हाळ्यात आजाराने गेले होते. घरात त्यांचा एकच फोटो होता, तो ओळखपत्रावरचा.

“त्याच्यात बाबा बाबासारखे दिसतच नाही, सर,” तो म्हणाला. “पोलिसानं धरून आणल्यावानी दिसते. बाबा नेहमी सांगे, गुरुजीच्या भाच्यानं माहा फोटो काढला, ड्यूटीवर असतानी, झेंडीसंग. एखादी प्रत भेटन का?”

मी काही बोललो नाही. मामांनी माझ्याकडे पाहिले. मामा जन्मभर शिक्षक होते. कोणत्या मुलाने गृहपाठ केलेला नाही हे त्यांना चेहऱ्यावरून कळे.

त्या माणसाने चौदा वर्षे घरात सांगितले होते की आपला फोटो काढला गेला आहे. कॅमेरा आपल्या दिशेने रोखलेला त्याने पाहिला होता, बटणाचा आवाज ऐकला होता, आणि “आला का?” असे विचारल्यावर मी “आला” म्हणून सांगितले होते. त्याने आणखी काय समजायचे?

“पाहतो,” एवढेच मी त्या मुलाला म्हटले.

नागपूरला परतल्यावर मी निगेटिव्हच्या पेट्या उपसल्या. सौभाग्यवतीही मदतीला बसल्या. खिडकीच्या उजेडात एकेक पट्टी धरायची आणि उलट्या काळ्या-पांढऱ्या जगातून एक माणूस शोधायचा. त्या दिवशी मी माझा सारा छंद उलटा पाहिला असे म्हणायला हरकत नाही. शेकडो इंजिने होती. पूल होते, सिग्नल होते, स्टेशनांच्या पाट्या होत्या. माणसे जवळजवळ नव्हतीच. जी होती ती पाठमोरी, अर्धवट, चुकून आलेली. एका ठिकाणी ड्रायव्हरचे कोपर, एका ठिकाणी पॉइंटमनची सावली, एका ठिकाणी फाटकवालीच्या लुगड्याचा पदर. जणू या गाड्या कोणी चालवीतच नव्हते. त्या आपल्या आपणच धावत होत्या!

अखेर ती पट्टी सापडली. कापलेली होती ती प्रत. निगेटिव्हला कात्री लागलेली नव्हती. डाव्या कडेला एक खांदा होता, दुपट्ट्याचे टोक होते आणि पुढे केलेला, कोपरापासून ताठ असा एक हात होता. हातात झेंडी. चेहरा नव्हता. चेहरा चित्राच्या चौकटीबाहेर राहिला होता, कारण मी त्याला बाजूला व्हायला सांगितले होते.

त्यानंतर मी त्या चावीवाल्याच्या कामाची माहिती काढू लागलो. वीस वर्षे मी ज्यांच्याजवळ उभा राहून फोटो काढीत होतो, त्यांचे काम काय असते हे मला धड ठाऊक नव्हते. पूर्वी लोखंडी स्लीपरांवर रूळ घट्ट धरून ठेवणारी एक पाचर असे. तिला चावी म्हणत. आता सिमेंटचे स्लीपर आले आणि चावीच्या जागी वळवलेल्या पोलादाची क्लिप आली. पण माणसाचे नाव चावीवालाच राहिले. तो रोज सकाळी आपल्या हद्दीत पायी निघतो. जाताना एक रूळ तपासतो, येताना दुसरा. एका किलोमीटरमध्ये दीड हजारांच्या वर स्लीपर, प्रत्येक स्लीपरला चार क्लिपा. म्हणजे किलोमीटरमागे सहा हजारांहून अधिक! ढिली झालेली क्लिप हातोड्याने बसवायची. थंडीत रूळ आकसतो आणि सांध्यापाशी तडकू शकतो, उन्हाळ्यात तापून वाकू शकतो, पावसाळ्यात खालची माती वाहून जाऊ शकते. म्हणून तिन्ही ऋतूंत डोळ्यांत तेल घालून चालायचे. आणि गाडी आली की कडेला उभे राहून तिच्याकडे पाहायचे: एखादे चाक तापले आहे का, खाली काही लोंबते आहे का, दार उघडे राहिले आहे का. म्हणजे त्या दिवशी तो माझ्या फोटोसाठी उभा नव्हताच. तो गाडी तपासत होता. मी त्याला त्याच्या कामावरून चार पावले हटवले होते आणि तरीही सरकल्या जागेवरून तो आपले काम करीत राहिला होता. निगेटिव्हमधला तो ताठ हात तेच सांगत होता.

मनाची समजूत घालण्यासाठी मी पुस्तके चाळू लागलो. प्राध्यापकाला दुसरे काय सुचणार? तिथे मला माझ्यासारखे पुष्कळ भेटले. अमेरिकेच्या दोन टोकांकडून आलेले रूळ 10 मे 1869 रोजी प्रॉमन्टरी येथे जुळले. त्या सोहळ्याचा फोटो जगप्रसिद्ध आहे. समोरासमोर दोन इंजिने, हस्तांदोलन करणारे इंजिनियर, उंचावलेल्या बाटल्या! ज्या हजारो चिनी मजुरांनी पश्चिमेकडचे डोंगर फोडून तो मार्ग आणला, ते त्या प्रसिद्ध फोटोत शोधूनही सापडत नाहीत. 2014 साली कॉर्की ली नावाच्या छायाचित्रकाराने चिनी वंशाच्या अमेरिकनांना त्याच जागी उभे करून तो फोटो नव्याने काढला. तब्बल 145 वर्षांनी!

आपल्या बोरघाटाची कथा फार वेगळी नाही. 1863 साली तो मार्ग सुरू झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे येताच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. त्या कामाच्या छायाचित्रांचा अल्बम तिच्या नावाने ओळखला जातो. घाटावर काम ऐन भरात असताना चाळीस हजारांच्या आसपास मजूर राबत होते आणि रोगराईने, अपघातांनी हजारो दगावले. त्या काळी अशा बांधकामांचे फोटो काढताना पुलाच्या पायाशी माणूस उभा करीत. तो कोण हे कळावे म्हणून नव्हे, पूल केवढा हे कळावे म्हणून! मी निदान तेवढाही उपयोग करून घेतला नव्हता.

आणि मग विन्स्टन लिंक भेटला. 1955 ते 1960 या काळात या अमेरिकन गृहस्थाने एका रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांची अखेरची वर्षे टिपली, तीही बहुधा रात्री, डझनावारी फ्लॅशचे दिवे एका क्षणी पेटवून. मीही इंजिनासाठीच ती चित्रे पाहू लागलो. पण त्याच्या चित्रांत दिवा उजळणारा, तेल घालणारा, सिग्नल देणारा माणूस जागच्या जागी आहे. लिंकने कोणाला बाजूला सरकवले नाही; उलट योग्य जागी उभे केले. मला त्याचा हेवा वाटला, आणि हेवा वाटण्याइतकी शुद्ध आली याचे बरेही वाटले.

त्या निगेटिव्हची पूर्ण प्रत, कात्री न लावता, मी मोठी करून घेतली आणि डिसेंबरात नवेगावला गेलो. त्या घरी जाताना पाय जड झाले होते. अंगणात बाजेवर बसून मी जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या आईने फोटो हातात घेतला. इंजिनाकडे तिने पाहिलेही नाही. डाव्या कडेवर बोट ठेवून ती बराच वेळ पाहत राहिली.

“त्याईचाच हात होय,” ती म्हणाली. “हे पाहा, बोट वाकडं. चावी लागली होती.”

मला त्या हाताचे बोट वाकडे असल्याचे दिसले नव्हते. मी चौदा वर्षे तो फोटो जवळ बाळगून होतो, आणि बोट त्या बाईने पहिल्या नजरेत ओळखले. तिने चहा केला. “तुमी आठोन ठेवली जी,” असे ती निघताना म्हणाली. मला एक वेळ चार शिव्या परवडल्या असत्या.

घरी येऊन मी दिवाणखान्यातला तो बक्षीसपात्र फोटो उतरवला. त्या जागी पूर्ण प्रत लावली. आता पाहुणे विचारतात, “त्या कडेला हात कोणाचा हो?” मग मी सांगतो. दर वेळी सांगताना जरा लाज वाटते. ती वाटत राहावी म्हणूनच तो तिथे आहे.

पुढच्या वर्षी, 2019 च्या नोव्हेंबरात, नागपूर-नागभीड मार्गावरची छोटी गाडी बंद झाली. त्या शेवटच्या दिवसांत मी मुलीला घेऊन इतवारी स्टेशनवर गेलो. केवढी गर्दी! जो तो इंजिनाबरोबर स्वतःचा फोटो काढून घेत होता. मुलीने माझा हात ओढला आणि विचारले, “बाबा, गाडी बंद झाल्यावर हे काका काय करणार?” ती गार्डाकडे बोट दाखवीत होती. तो आपल्या पेटीवर बसून कसलासा कागद भरत होता. आम्ही त्याच्याजवळ गेलो, विचारून फोटो काढला, नाव लिहून घेतले आणि पुढे प्रत पोचवली. (2022 पासून गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. नाव मोठे झाले. पेटी तेवढी डोळ्यांसमोरून जात नाही.)

तेव्हापासून माझा नेम ठरला आहे. स्टेशनवर आधी परवानगी घ्यायची. मग माणूस, मग गाडी. फोटोमागे नाव, काम आणि तारीख. आणि प्रत्येकाची एक प्रत त्याच्या घरी. कोणी संकोचतो, कोणी केस विंचरून येतो, कोणी म्हणतो, “आमचा कायले, साहेबाचा काढा.” इंजिनांचे फोटो पूर्वीइतके चांगले येत नाहीत हे खरे. सौभाग्यवती म्हणतात, “आता घरात माझेही दोन फोटो आहेत.”

गेल्या हिवाळ्यात पुन्हा नवेगावला गेलो. या वेळी प्रथम तळ्यावर जाऊन आलो. तीनेकशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधले असे सांगतात. पाटलांचे नाव राहिले हे चांगलेच झाले. पण त्या बांधावर उभा राहिलो की आता मला टोपल्या दिसू लागतात, आणि टोपल्यांखालची डोकी.

नंतर फाटकावर गेलो. डोक्यावर आता विजेच्या तारा आल्या आहेत. धुके मात्र तसेच होते. फाटक पडले, आणि रुळांच्या कडेने चावीवाला आला. पंचविशीचा पोरगा, अंगात केशरी जाकीट, खांद्यावर तोच लांब दांड्याचा हातोडा. बी. ए. झाला होता, तोही मराठी विषय घेऊन! गाडीचा आवाज आला तसा तो खडीवर उभा राहिला, बरोब्बर चित्राच्या मध्यभागी. मग त्याचे माझ्या कॅमेऱ्याकडे लक्ष गेले.

“बाजूले होऊ का सर?”

“नको, नको,” मी म्हटले, “तुमची जागा सोडू नका.”

गाडी आली. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो चाकांकडे पाहत होता. मी एकदाच बटण दाबले. शेवटचा डबा गेल्यावर त्याने झेंडी गुंडाळली, माझ्या वहीत आपले नाव स्वच्छ अक्षरात लिहिले आणि निघता निघता म्हणाला, “दोन प्रती काढा सर. एक आईले पाठवतो.”